वनाझ ते गरवारे, सलाईनच्या स्टँडसोबत

आमच्या घरात एक कापडी हत्ती आहे. राखाडी, एक कान चघळून चघळून पातळ झालेला. त्याच्या डाव्या कुशीवर पांढऱ्या दोऱ्याचे सहा टाके आहेत आणि पुढच्या पायाला चिकटपट्टीचा डिंक लागलाय, तो दोनदा धुऊनही गेलेला नाही. २०२५च्या फेब्रुवारीत आमच्या मुलाचं ऑपरेशन झालं, तेव्हा हा हत्तीही ॲडमिट होता.

मुलाचं नाव इथे लिहीत नाही, घरी त्याला टिल्लू म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी वय ४ वर्षं ३ महिने, वजन १५ किलो. डाव्या किडनीतून लघवी जिथे खालच्या नळीत उतरते, तो सांधा त्याचा जन्मापासून अरुंद होता. डॉक्टर त्याला पीयूजे ऑब्स्ट्रक्शन म्हणतात आणि त्यावरच्या ऑपरेशनला पायलोप्लास्टी. अरुंद तुकडा कापून काढायचा, दोन्ही टोकं पुन्हा शिवायची आणि शिवण भरून येईपर्यंत आत एक बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवायची. ऑपरेशनबद्दल वाचायला पुष्कळ मिळालं. पण कुशीत टाके घेऊन झोपलेल्या चार वर्षांच्या पोराशी त्यानंतरचे दिवस काय करायचं, ते कुठे नीट सापडलं नाही. आम्ही काय केलं, ते लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांचं जे येईल ते आमच्या डॉक्टरांनी आमच्या मुलाला सांगितलेलं, तसंच्या तसं उचलू नका.

बायकोच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतच बाळाच्या किडनीला सूज दिसली होती. पुष्कळ मुलांची ती आपोआप ओसरते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून वाट पाहिली. डिसेंबर २०२४च्या सोनोग्राफीत सूज वाढलेली दिसली आणि किडनीचं काम मोजणारा ईसी स्कॅन सांगितला. तारीख मिळाली ७ जानेवारी. खर्च ५,८०० रुपये.

त्या दिवशी आम्ही जी चूक केली, तिची किंमत पुढे महिनाभर मोजली. या स्कॅनला शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, मग लघवी वाढवणारं औषध देतात, आणि मुलाला वीस-पंचवीस मिनिटं अजिबात न हलता झोपावं लागतं. रिक्षात टिल्लूने विचारलं, "सुई टोचणार?" मी म्हणालो, "छे रे, नुसता फोटो काढायचाय." मग चौघांनी धरून त्याला सुई टोचली. तो रडला ते रडलाच, पण रडता रडता माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरलेलो नाही. त्यानंतर केस कापायला नेलं तरी विचारायचा, "खरंच फक्त केस?"

रिपोर्ट आला. डाव्या किडनीचं काम ३८ टक्के, आणि औषध देऊनही लघवी उतरायला फार वेळ. सर्जन म्हणाले, घाई नाही पण थांबायचंही नाही. ११ फेब्रुवारी, मंगळवार ठरला. निघताना त्यांनी विचारलं, "त्याला काय सांगितलंय?" आम्ही म्हणालो, अजून काहीच नाही. ते म्हणाले, "आत्ता सांगू नका. या वयात महिनाभर आधी सांगितलं तर महिनाभर घाबरतो. दोन-तीन दिवस आधी सांगा. पण खरं सांगा. आणि खेळून दाखवा, बोलून नाही."

मधल्या काळात कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आमची सगळ्यात जास्त धावपळ इथेच झाली.

माझ्या कंपनीचा ग्रुप विमा आहे. ५ फेब्रुवारीला हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघतात त्या काउंटरवर, कॅशलेसचा फॉर्म, पॉलिसी कार्ड, माझं आधार, टिल्लूचं निळं बाल आधार आणि सगळे रिपोर्ट दिले. ७ तारखेला विमा कंपनीची क्वेरी आली: आजार जन्मजात आहे का, पहिल्यांदा कधी कळला, तेव्हाचा कागद जोडा. पोटात गोळाच आला. पण डेस्कवरच्या ताईंनी पॉलिसीची प्रत उघडून दाखवली. वगळलेले होते ते बाहेरून दिसणारे जन्मजात दोष, शरीराच्या आतले आमच्या पॉलिसीत बसत होते. तुमची पॉलिसी वाचून घ्या, 'जन्मजात' एवढा शब्द बघून घाबरू नका. मग २०२०ची ती सोनोग्राफी शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बाळंतपणाची फाईल कपाटात साड्यांच्या खाली सापडली. जन्मानंतरचे पहिले रिपोर्ट 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असे होते, त्यामुळे हा तोच मुलगा हे दाखवायला महापालिकेचा जन्मदाखला लागला. १० तारखेला संध्याकाळी साडेसहाला ६०,००० ची पहिली मंजुरी आली. तोवर आम्ही २५,००० डिपॉझिट भरून ॲडमिट झालो होतो. गरोदरपणातले सोनोग्राफीचे कागद टाकून देऊ नका, एवढंच सांगतो.

त्यातच जानेवारीच्या शेवटी पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियान-बारे आजाराची, साथ आली. आम्ही राहतो धायरीला, म्हणजे सिंहगड रस्त्याच्या त्याच पट्ट्यात. रोज नळाच्या पाण्याबद्दल बातम्या. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, म्हणून फोन केला, तर उत्तर मिळालं: पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका, जुलाब किंवा ताप आला तर लगेच कळवा. काही झालं नाही. माझ्या आईने मात्र त्या पंधरा दिवसांत इतकं पाणी उकळलं की गॅसचा सिलेंडर आठवडाभर आधी संपला.

८ फेब्रुवारीला, शनिवारी, आई टिल्लूला घेऊन तुळशीबागेत गेली. भातुकलीच्या दुकानांतून फिरून प्लास्टिकचा डॉक्टर-सेट आणला, १८० रुपये. सोबत साबणाच्या फुग्यांच्या दोन बाटल्या, दोन भिंगऱ्या, स्टिकरचे पाच ताव. सगळं मिळून ४१०. डॉक्टर-सेट त्याने दहा मिनिटांत बाजूला टाकला, कारण ते सगळं खोटं आहे हे त्याला कळत होतं. खरा उपयोग झाला तो फुकट मिळालेल्या वस्तूंचा. भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासणीच्या दिवशी त्याला भूल देण्याचा खरा मास्क घरी खेळायला दिला होता. केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज, गॉझ आणि कागदी चिकटपट्टी आणली. टिल्लूने मास्कवर मेट्रोचं स्टिकर लावलं. मग हत्तीचं ऑपरेशन झालं.

आम्ही सांगायचं ठरवलं होतं ते इतकंच: हत्तीच्या पोटात लघवीचा पाईप चिमटलाय. डॉक्टर त्याला झोपेचा वारा देतील, झोपेत काहीच दुखणार नाही. उठल्यावर मात्र दुखेल. तेव्हा सांगायचं, म्हणजे औषध मिळेल. बायकोने खरोखर सुई-दोरा घेऊन कुशीत टाके घातले. टिल्लूने सगळं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हत्तीची आई कुठेय?" दुखण्याचं काही नाहीच. पट्टीचं नाही, सुईचं नाही. त्याला भीती होती ती एकटं राहण्याची. मग आम्ही खेळात भर घातली. हत्तीची आई (एक उशी) दाराबाहेर खुर्चीवर बसते आणि हत्ती उठायच्या आत त्याच्याजवळ येते. हे हॉस्पिटलला विचारून घेतलं होतं, कारण आता खोटं बोलायचं नव्हतं. रिकव्हरी रूममध्ये एका पालकाला आत येऊ देतात का, हे आधीच विचारा. तिथल्या तिथे ऐनवेळी विचारलं तर दारावरचे मामा नाहीच म्हणतात.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे दोनपर्यंत दूध, सहापर्यंत साधं पाणी, मग काही नाही. सुई टोचायच्या तासभर आधी दोन्ही हातांवर बधिर करणारं क्रीम लावून वर पारदर्शक पट्टी, हे मी मागून घेतलं. ते आपणहून देतीलच असं नाही, आणि क्रीमला पूर्ण तास लागतो. सुई टोचताना त्याला आडवा पाडला नाही. बायकोच्या मांडीवर, छातीशी छाती, हात तिच्या काखेखालून मागे, आणि मी समोर साबणाचे फुगे धरून. "मोठा फुगा कर, हळू फुंक." रडला, हात ओढला, पण ७ जानेवारीसारखं काही झालं नाही. सिस्टर दुसऱ्या प्रयत्नाला यशस्वी झाल्या.

सव्वाआठला आत गेला, पावणेअकराला निरोप आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

पुढची पंचवीस मिनिटं कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. भुलीतून उठताना टिल्लू आम्हाला ओळखत नव्हता. ओरडत होता, लाथा मारत होता, पट्ट्या ओढत होता. मला वाटलं, भयंकर दुखतंय. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, या वयात असं पुष्कळदा होतं, ही भुलीची गुंगी उतरतेय, वीस मिनिटं द्या. तेव्हा ना हत्ती चालला, ना फुगे. दिवा मंद केला आणि बायको नुसती एकाच सुरात बोलत राहिली. मग तो झोपला आणि उठला तो आमचा टिल्लू म्हणून.

झोपेत असतानाच त्याच्या कमरेत मणक्यापाशी इंजेक्शन देऊन कमरेखालचा आणि पोटाचा भाग बधिर केला होता. त्यामुळे दुपार इतकी शांत गेली की आम्ही नातेवाइकांना 'एकदम मजेत आहे' असे मेसेज पाठवले. पाच वाजता बधिरपणा उतरला. टिल्लू आधी गप्प झाला, मग पाय पोटाशी घेतले, मग हत्तीही ढकलून दिला. पुढचा डोस यायला वेळ होता. बधिरपणा अंदाजे किती वाजता उतरेल हे आधी विचारून पुढचं औषध त्याआधी लागेल असं बघायचं, हे आम्हाला दुसऱ्या मुलाच्या आईने सांगितलं. त्या सासवडच्या ताई होत्या, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स काढलं होतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात, हेही मला त्यांच्यामुळेच नीट कळलं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन त्यांनी समाजसेवकाच्या केबिनबाहेर दोन दिवस काढले होते. माझ्या क्वेरीचं दुःख मी त्यांच्यासमोर पुन्हा काढलं नाही.

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर कार्टून लावून दिलं. चाळीस मिनिटं तो हलला नाही. बॅटरी संपली आणि तो दुपटीने रडायला लागला. मोबाईल वाईट असं नाही. ड्रेसिंग बदलायच्या दोन मिनिटांना पुढे त्याचाच उपयोग झाला. पण कार्टून बघताना तो स्वतः काहीच करत नव्हता. तासन् तास आडवं पडलेल्या, नळ्या लागलेल्या मुलाच्या हातात काहीच नसतं. औषध कधी, दूध कधी, दार कोण उघडणार, सगळं दुसरेच ठरवणार. पुढचे तीन दिवस ज्या खेळांनी काम केलं, त्या सगळ्यांत हुकूम त्याचा होता.

पहिल्या रात्रीचे खेळ अगदी मुळमुळीत होते. खेळ म्हणजे उड्या नव्हेत. मोबाईलच्या टॉर्चसमोर हात धरून भिंतीवर कुत्रा, ससा, पोपट. तो फक्त बोट दाखवायचा: आता ससा. पुन्हा ससा. बहुतेक तीस वेळा ससा झाला. औषध दिल्यावर लगेच खेळायला गेलो तर चिडायचा, अर्ध्या-पाऊण तासाने गेलो तर रमायचा. हे वेळेचं गणित कळल्यावर आम्ही कागदावर लिहायला लागलो: औषध किती वाजता, खेळ किती वाजता, रडला किती वाजता. तो कागद राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मागून घेऊन वाचला.

किती दुखतंय हे विचारणं हा एक वेगळाच धडा होता. सिस्टरकडे सहा चेहऱ्यांचा तक्ता होता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. टिल्लू दर वेळी शेवटचा रडका चेहरा दाखवायचा, कारण त्याला तो चेहरा आवडला होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो हसऱ्यावर बोट ठेवायला लागला. दुखतं म्हटलं की सिस्टर सलाईनमध्ये काहीतरी घालते, ते हातात झोंबतं, हे त्याला कळलं होतं. अनुभवी सिस्टर तक्त्यावर विसंबत नव्हत्या. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतो का, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन त्या दहापैकी आकडा लिहीत. आमची युक्ती माझ्या आईने काढली. तिने टिल्लूला विचारलंच नाही. तिने विचारलं, "अरे, हत्तीला कुठं दुखतंय?" टिल्लू म्हणाला, "इथे. आणि शूच्या जागी. खूप." स्वतःला दुखत नाही म्हणणाऱ्या पोराने हत्तीचं मात्र अगदी खरं सांगितलं.

१२ तारखेला सकाळी फिजिओथेरपिस्ट आल्या. ऑपरेशननंतर मुलं दुखतं म्हणून वरवर श्वास घेतात, खोकत नाहीत आणि छातीत कफ साठतो. मोठ्यांना श्वास आत ओढून गोळे वर उचलायचं यंत्र देतात, चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. त्यांनी आमचीच साबणाची बाटली उचलली. दर तासाला दहा मोठे फुगे. भिंगरी फिरली पाहिजे, ती थांबायच्या आत पुन्हा फुंकायचं. खोकला आला की हत्ती कुशीवर दाबून धरायचा, म्हणजे टाक्यांवर ताण कमी येतो. हत्तीला पहिल्यांदा नोकरी मिळाली.

मग म्हणाल्या, आता चालायचं. टिल्लूने पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. लघवीच्या नळीची पिशवी, सलाईनचा स्टँड, कुशीत टाके, कोण उतरेल? मी चॉकलेट दाखवलं, रागावलो, मग विनवण्या केल्या. बायकोने मला बाजूला केलं आणि स्टँडची चाकं जरा पुढे-मागे केली. "वनाझला गाडी उभी आहे. ड्रायव्हर नाहीये."

आमच्याकडे मेट्रोचं वेड आहे. वनाझ ते गरवारे हा पुणे मेट्रोचा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा टिल्लूला पाठ आहे. त्याने एक डोळा उघडला.

पलंग झाला वनाझ. खोलीचं दार आनंदनगर. सिस्टरचं काउंटर आयडियल कॉलनी. पाण्याचा कूलर अर्थातच नळ स्टॉप, त्याबद्दल वादच नव्हता. आणि कॉरिडॉरच्या टोकाची लिफ्ट गरवारे कॉलेज. पहिल्या फेरीला गाडी आनंदनगरपर्यंतच गेली आणि 'तांत्रिक कारणामुळे' परत आली. ही घोषणा त्याने स्वतः केली. कमरेत वाकून, एक हात स्टँडला, एक हात बायकोच्या बोटाला, आठ पावलं. दुपारी आयडियल कॉलनी. तिथे काउंटरवरच्या सिस्टरनी तिकीट म्हणून औषधाच्या खोक्याचा तुकडा फाडून दिला. मग मात्र गाडी नियमित सुटायला लागली. सासवडचा मुलगा आपला स्टँड घेऊन मागच्या डब्यात चढला. संध्याकाळी दोघं नळ स्टॉपला पोहोचले, तेव्हा तिथल्या मावशींना सांगण्यात आलं की दरवाजे डाव्या बाजूला उघडतील, दूर उभ्या राहा.

त्या रात्री जे झालं, त्यामुळे हे सगळं गोड-गोड वाटू नये. साडेअकराला टिल्लू झोपेतून ओरडत उठला. दोन मिनिटं पाय आवळायचा, चेहरा लाल, मग ढिला पडायचा, पुन्हा दहा मिनिटांनी तेच. ड्युटीवरच्या व्यक्तीला सांगितलं, तर उत्तर आलं, "आत्ताच तर स्टिकरशी खेळत होता. दुखत असतं तर खेळला असता का?" खरं होतं, दोन कळांच्या मध्ये तो हत्तीला स्टिकर लावत होता. मी गप्प बसलो. एक वाजता बायको आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, उठवायला गेली. त्यांनी तपासलं, नळी तुंबलेली नाही हे पाहिलं आणि सांगितलं की ही मूत्राशयाची उबळ आहे. नळी आणि स्टेंट आत असला की अशी कळ येते, त्याचं औषध वेगळं असतं, पॅरासिटामॉल त्याला पुरत नाही. सिरप दिलं, तासाभराने झोपला. मूल खेळायचं थांबलं तर दुखतंय असं समजावं. पण खेळतंय म्हणजे दुखत नाही, असं उलट समजू नये. मुलं दुखतानाही खेळतात. तो दीड तास मी उगाच घालवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तो झोपल्यावर मी तिथेच खुर्चीत बसून वाचत होतो. तान्ह्या मुलांना नीट वेदना होतच नाहीत असा समज वैद्यकात बराच काळ होता, आणि १९८०च्या दशकापर्यंत लहानग्या बाळांची ऑपरेशनं अगदी कमी वेदनाशामकावर होत असत. १९८७ मध्ये कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसोबत 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की पुरेसं वेदनाशामक दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळं ऑपरेशननंतर जास्त चांगली सावरतात. माझा जन्म १९८६चा. त्यानंतर बराच वेळ मी टिल्लूकडे नुसता बघत बसलो.

१३ तारखेला लघवीची नळी काढली. काढताना दोन सेकंद, पण नंतरची पहिली शू ही सगळ्यात मोठी लढाई. जळजळेल म्हणून तो धरून ठेवत होता, आणि धरलं की पोट दुखत होतं. फिजिओ मॅडमनी सांगितलं, फुंकताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, शू करताना भिंगरी द्या. कोमट पाण्याचा टब, त्यात तो बसलेला, एका हातात भिंगरी, दुसऱ्या हातात बिनसुईची सिरिंज. त्याने माझ्या शर्टावर सिरिंजने पिचकारी मारली. होळी महिन्याभरावर होती, आमची झाली. हसता हसता शू झाली. थोडी जळजळली, रडला, पण झाली. दुपारी गाडी गरवारेला पोहोचली.

१४ला डिस्चार्ज. सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी लिहून दिलं, आम्ही बाहेर पडलो सव्वापाचला. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यायची असते, पण हॉस्पिटलचं अंतिम बिल तिकडे जाईपर्यंतच दोन वाजले. बिल १,७१,४३०. विम्याने दिले १,५८,२०० आणि ग्लोव्ह्ज, डायपर, फाईल चार्ज असले न बसणारे १३,२३० आमच्या खिशातून. या सात तासांसाठी एक नवा खेळ राखून ठेवा. आम्ही सगळे संपवून बसलो होतो. शेवटी बिलाच्या रफ कागदाची विमानं केली.

घरी आल्यावर एका गोष्टीकडे नक्की बघा. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमचं आणि ५ मिलीत २५० चं. आमच्या कागदावर एक होतं आणि घरात जुनी बाटली दुसरी होती. चमचे मोजण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून जखम कमी दुखत होती, पण टिल्लू बिघडला. रात्री अंथरूण ओलं, त्याची आई दुसऱ्या खोलीत गेली की आरडाओरडा, आणि दिवसभर डॉक्टर-डॉक्टर. सगळ्यांना इंजेक्शनं. एका दुपारी माझ्या आईला चौदा टोचली. दर वेळी आधी म्हणायचा, "दुखणार नाही हं," आणि मग खच्चून दाबायचा. आई काळजीने म्हणाली, "सारखं तेच ते, विसरू द्या की त्याला आता." फोन करून विचारलं, तर सर्जन म्हणाले, खेळू द्या, अडवू नका. तो माझंच वाक्य म्हणत होता, रिक्षातलं. मी हात पुढे केला आणि त्याला विचारलं, "खरंच नाही दुखणार?" तो थांबला. म्हणाला, "दुखेल. थोडं." आणि मग हळू टोचलं. तीनेक आठवड्यांत हा खेळ आपोआप मागे पडला. चार आठवडे सायकल आणि घसरगुंडी बंद होती, तेवढाच त्रास राहिला.

२५ मार्चला स्टेंट काढला. तासाभराची भूल, संध्याकाळी घरी, खर्च २८,०००, तोही विम्यात बसला. या वेळी हत्ती, क्रीम, फुगे आणि रिकव्हरी रूमची परवानगी, सगळं आधीच ठरलेलं होतं. सुईच्या वेळी टिल्लूने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. रडला. पाच दिवसांनी पाडव्याला गुढीला हार त्यानेच घातला, खुर्चीवर चढून, आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी धरून.

२४ जूनच्या स्कॅनमध्ये लघवी नीट उतरताना दिसली, किडनीचं काम ४१ टक्के. पुढची सोनोग्राफी डिसेंबरमध्ये ठरली.

त्या शनिवारी त्याला खऱ्या मेट्रोत नेलं. वनाझला चढलो, हत्ती खिडकीशी. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, प्रत्येक नाव तो घोषणेच्या आधी म्हणत होता. गरवारेला उतरून त्याने प्लॅटफॉर्मभर नजर फिरवली, लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला आणि जरा रागानेच मला विचारलं, "इथल्या मावशी कुठे गेल्या?"